रस्त्याच्या कामावर पर्यावरण तपासायचं तर आधी आकडे जुळवा

महामार्गाच्या कोणत्याही पॅकेजचा (एका ठेक्यात दिलेल्या लांबीचा) सहामाही पर्यावरण अहवाल उघडा. डावीकडे मंजुरीतली अट, उजवीकडे ‘पालन होत आहे’. पाणी मारलं जातं, राडारोडा ठरलेल्या जागी टाकला जातो, झाडं लावली आहेत. पानामागून पान वाचलं तरी साइटवर काय चाललंय ते कळत नाही, कारण त्यात आकडाच नसतो. आणि आकडा साइटवर असतो! ज्या कामाचं बिल निघतं त्याचे घनमीटर, ट्रिपा आणि लिटर कुठल्या ना कुठल्या रजिस्टरात लिहिलेले असतातच. पर्यावरणाचा प्रत्येक दावा त्या रजिस्टरांशी ताडून पाहिला, तर निम्मी तपासणी टेबलावरच होते आणि साइटवर नेमकं कुठे जायचं तेही ठरतं.

कोकणातल्या घाटातलं चौपदरीकरण घ्या. समजा एका टप्प्यात ८०,००० घनमीटर कटिंग आहे. त्यातलं ५०,००० घनमीटर भरावात वापरणार आणि उरलेलं ३०,००० डम्पिंगच्या जागेवर नेणार, असं आराखड्यात लिहिलंय. इथेच पहिली मेख आहे. आराखड्यातला आकडा डोंगरात घट्ट बसलेल्या मालाचा असतो. खडक फोडला की तो ४० ते ६० टक्के फुगतो, माती २० ते ३० टक्के. मिश्र माल ४० टक्के फुगला असं धरलं तरी हायवात (मोठ्या डम्परमध्ये) भरताना तो ४२,००० घनमीटर होतो.

आता जागा मोजा. अर्धा हेक्टर, म्हणजे १०० बाय ५० मीटर. ढीग सहा मीटर उंच आणि चारही बाजूंना एकास दीड उतार (एक मीटर उंचीला दीड मीटर आडवं अंतर) ठेवला, तर माथा ८२ बाय ३२ मीटरचा उरतो आणि ढिगात साधारण २२,५०० घनमीटर माल बसतो. तळाच्या क्षेत्रफळाला उंचीने गुणून ३०,००० काढणारे बरेच असतात, उतार ते विसरतात. रोलर फिरवून थोडा जास्त बसेल, पण दुप्पट नाही बसणार. राहिलेल्या १९,५०० घनमीटरच्या, हायवात १५ घनमीटर धरल्यास, १,३०० ट्रिपा होतात. त्या गेल्या कुठे, हा खरा प्रश्न. उत्तर बहुतेक वेळा जवळच्या घळीत, पऱ्याच्या काठावर किंवा एखाद्या शेतकऱ्याच्या खाचरात सापडतं. शेतकऱ्याने ‘माझी जमीन भरून द्या’ असं लिहून दिलेलं असतं, पण त्या जागेवरून पाणी कुठे वाहतं हे त्या कागदात नसतं.

म्हणून डम्पची तपासणी करताना तीन आकडे एकत्र ठेवायचे: कटिंगचं मोजमाप, ट्रिप रजिस्टर आणि डम्पचा टोटल स्टेशन (मोजणीचं यंत्र) किंवा ड्रोन वापरून केलेला सर्व्हे. डम्परला जीपीएस असेल तर रात्री आठ ते पहाटे पाचचा मार्ग मागून घ्या. चोरटं डम्पिंग दिवसा सहसा होत नाही.

पायथ्याची भिंत आधी आणि माल नंतर, हा क्रम उलटा झाला की सगळं बिघडतं. गॅबियन भिंत (तारेच्या जाळीत दगड भरून केलेली) ढिगाच्या पायाशी बांधायची तर पाया उघडा हवा. माल आधी येऊन पडला की भिंत ढिगाच्या पुढे कुठेतरी, सैल मातीवर उभी राहते आणि पहिल्या मोठ्या पावसात मालासकट सरकते. कोकणात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो. वर जांभा आणि खाली चिकणमातीचा थर अशी रचना जिथे असते, तिथे पाणी जांभ्यातून झिरपून चिकणमातीवर थांबतं आणि कटिंगचा उभा कडा त्या थरावरून घसरतो. कटिंगच्या माथ्यावरचं पाणी बाजूला नेणारा चर म्हणूनच इतका महत्त्वाचा. तो आराखड्यात असतो, पण खालून दिसत नाही म्हणून सर्वांत शेवटी होतो. तपासणाऱ्याने माथ्यावर चढलंच पाहिजे. परशुराम घाटात २०२२ च्या उन्हाळ्यात काम करता यावं म्हणून रोज दुपारी काही तास वाहतूक बंद ठेवावी लागली होती. घाटातलं अर्धवट कटिंग पावसाळ्यात नेणं किती महाग पडतं ते चिपळूणकरांना वेगळं सांगायला नको.

मोऱ्यांकडे (रस्त्याखालून पाणी जाणाऱ्या वाटांकडे) वरच्या बाजूने बघा, रस्त्यावरून नाही. काम सुरू होण्याआधी प्रत्येक मोरीच्या भिंतीवर तळापासूनची उंची रंगाने लिहून फोटो काढून ठेवला, तर मे अखेरीस गाळ किती साचला ते टेप न लावता दिसतं.

सुपीक मातीचा हिशेब तर याहून सोपा. रस्ते मंत्रालयाच्या स्पेसिफिकेशननुसार वरचा १५० मिलिमीटरपर्यंतचा थर आधी काढून दोन मीटरपेक्षा जास्त उंच नसलेल्या ढिगात साठवायचा असतो. १५० मिलिमीटरचा थर निघाला तर हेक्टरी १,५०० घनमीटर. चार हेक्टरवर भरावाची माती उचलली असेल तर ६,००० घनमीटरचे ढीग कुठेतरी उभे दिसायलाच हवेत. दिसत नसतील तर ती माती भरावात गेली. शेताचं नुकसान झालं ते झालंच, शिवाय सेंद्रिय माती भरावात दबत जाते आणि रस्ताही खचतो.

माती उचलण्याच्या परवानगीची तारीख नीट पाहा. रस्त्यासारख्या रेषीय प्रकल्पांसाठी साधी माती उचलायला पर्यावरण मंजुरी नको, ही मार्च २०२० मध्ये दिलेली सूट सर्वोच्च न्यायालयाने २१ मार्च २०२४ ला रद्द केली. जुन्या सुटीचा हवाला अजून दिला जात असेल तर तो चालणार नाही.

आता धूळ. ‘नियमित पाणी मारलं जातं’ म्हणजे किती? सात मीटर रुंदीच्या कच्च्या रस्त्यावर चौरस मीटरला एक लिटर पाणी धरलं तर किलोमीटरला ७,००० लिटर. दहा किलोमीटरला दिवसातून तीन फेऱ्या म्हणजे २,१०,००० लिटर, १०,००० लिटरचे २१ टँकर. भरणं, जाणं, मारणं आणि परतणं धरून एक टँकर दिवसाला सहा-आठ खेपा करतो. म्हणजे किमान तीन टँकर हवेत, आणि एप्रिलच्या उन्हात तेही कमी पडतात. साइटवर एकच टँकर उभा असेल तर अहवालातलं ते वाक्य खोटं आहे. टँकर कोणत्या विहिरीवर भरतो, तेही विचारा. गावाच्या पिण्याच्या पाण्यावर धूळ बसवणं हा काही उपाय झाला नाही.

हवेच्या नमुन्यात सर्वांत जास्त चलाखी चालते. राष्ट्रीय मानकांनुसार पीएम १० ची (हवेतल्या १० मायक्रॉनपर्यंतच्या धूलिकणांची) २४ तासांची मर्यादा १०० मायक्रोग्रॅम प्रति घनमीटर आणि पीएम २.५ ची ६०. सॅम्पलरमधून (हवेचा नमुना घेणाऱ्या यंत्रातून) मिनिटाला साधारण १.१ घनमीटर हवा ओढली जाते, म्हणजे आठ तासांच्या एका फिल्टरमधून ५२८ घनमीटर. तेव्हा १०० च्या मर्यादेवर फिल्टरचं वजन जेमतेम ०.०५२८ ग्रॅमने वाढतं. इतक्या बारीक वजनासाठी फिल्टर आधी आणि नंतर, दोन्ही वेळा डेसिकेटरमध्ये (ओलावा शोषणाऱ्या बंद भांड्यात) कोरडा करावा लागतो. दमट फिल्टर तसाच तोलला की आकडा वाट्टेल तिकडे जातो. शिवाय गावातली वीज खाली-वर झाली किंवा फिल्टर धुळीने भरला की प्रवाह कमी होतो. प्रवाह ०.९ वर आलेला असताना गणित १.१ ने केलं तर उत्तर १८ टक्क्यांनी कमी येतं. म्हणून अहवालासोबत सुरुवातीचा आणि शेवटचा प्रवाह, फिल्टर क्रमांक आणि दोन्ही वजनांची शीट मागायची. ती देता येत नाही असं प्रयोगशाळा म्हणाली, तर तो नमुना झालाच नाही असं समजा.

सॅम्पलर ठेवला कुठे, हेही तितकंच मोठं. खडीच्या क्रशरच्या, वारा येतो त्या बाजूला, कॅम्पच्या गेस्टहाउसच्या गच्चीवर ठेवला तर हवा महाबळेश्वरसारखी येते. तो वाऱ्याच्या खालच्या अंगाला, जिथे लोक राहतात त्या वाडीत, जमिनीपासून तीन ते दहा मीटर उंचीवर हवा, आणि त्या दिवशी प्लांट चालू हवा. चालू होता का, ते प्लांटच्या उत्पादन नोंदीतून कळतं. पीएम २.५ हा पीएम १० चाच भाग असतो, त्यामुळे तो कधीही जास्त असू शकत नाही. तरीही असे अहवाल सही-शिक्क्यानिशी फिरतात. सलग तीन महिने सगळ्या ठिकाणी ७० ते ७५ मध्येच आकडे असतील तर तेही संशयास्पद. कामावरची हवा इतकी शिस्तीत वागत नाही.

हॉट मिक्स (डांबरी मिश्रणाच्या) प्लांटवर धूळ अडवणाऱ्या बॅग फिल्टरचा मॅनोमीटर (दाबमापक) बघा. दाबातला फरक खूप कमी दिसतो तेव्हा पिशव्या फाटलेल्या असतात, आणि खूप जास्त दिसतो तेव्हा चोंदलेल्या. तो बंदच असेल तर प्लांट आंधळा चालू आहे. जनरेटरच्या धुराड्यासाठी इमारतीच्या उंचीत केव्हीएच्या (जनरेटरच्या क्षमतेच्या) वर्गमूळाच्या ०.२ पट मिळवायचे, म्हणजे ४०० केव्हीएला चार मीटर. रस्त्याला स्वतंत्र पर्यावरण मंजुरी लागत नसली तरी क्रशर, हॉट मिक्स आणि आरएमसी (तयार काँक्रीटच्या) प्लांटला प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती लागतेच, आणि तिची मुदत कामाच्या मुदतीआधी संपलेली असणं फार सर्रास आढळतं.

आरएमसी प्लांटवर खिशात पीएच कागद ठेवा. दिवसाअखेर आठ टीएम (काँक्रीट वाहणारे ट्रान्झिट मिक्सर) धुतले तर दीड-दोन हजार लिटर पाणी निघतं, पीएच ११ च्या वर. नाल्यात सोडायच्या पाण्याला मर्यादा ५.५ ते ९ ची. तीन कप्प्यांची टाकी असते, पण पहिल्या कप्प्यात सळई घालून बघा. हातभर खाली गेल्यावर ठण्ण वाजलं तर टाकी घट्ट झालेल्या सिमेंटने भरली आहे आणि पाणी वरूनच वाहून जातंय.

जळक्या ऑइलचा हिशेब मला सर्वांत बोलका वाटतो. चाळीस वाहनं आणि मशिन्स, प्रत्येकी अंदाजे २० लिटर, म्हणजे ऑइल बदलण्याच्या एका फेरीत ८०० लिटर, २०० लिटरचे चार ड्रम. घातक कचऱ्याच्या नियमानुसार ते ९० दिवसांच्या आत अधिकृत पुनर्वापरकर्त्याकडे मॅनिफेस्टसह (वाहतुकीच्या नोंदपत्रासह) जायला हवं. सहा महिन्यांत एकच ड्रम गेल्याची नोंद असेल तर बाकीचं शटरिंगच्या (काँक्रीटच्या साच्याच्या) प्लेटांना लागलं किंवा जमिनीत मुरलं. स्टोअरमधून शटरिंग ऑइलची खरेदी तपासा. काँक्रीट हजारो घनमीटर आणि शटरिंग ऑइलची खरेदी शून्य, हे उत्तर पुरेसं आहे.

झाडांबद्दल एवढंच की तीन मीटर अंतराने एका ओळीत किलोमीटरला ३३० च्या आसपास रोपं बसतात. दोन किलोमीटरवर एका ओळीत दोन हजार लावली असा दावा आला तर मोजायला जायचीही गरज नाही. जगलेली रोपं मात्र मे महिन्यात मोजा. ऑक्टोबरमध्ये सगळंच हिरवं असतं.

त्रुटी सापडली की एनसीआर (त्रुटीची लेखी नोटीस) लिहिताना ‘राडारोडा अव्यवस्थित’ असं मोघम लिहू नका. चेनेज (रस्त्याच्या सुरुवातीपासूनचं अंतर), डावी की उजवी बाजू, अंदाजे घनमीटर, आणि कोणतं मोजमाप दाखवल्यावर ती बंद होईल, हे लिहा. घाटातल्या डम्पची मुदत मेच्या मध्याच्या पुढे कधीच देऊ नये. एनसीआर उघडी असताना त्याच चेनेजचं मातीकामाचं बिल पुढे जाऊ नये, हे सल्लागार आणि प्राधिकरणाच्या अभियंत्याने मिळून ठरवलं तर ठेकेदार पंधरा दिवसांत भिंत बांधतो. अन्यथा दोन वर्षं पत्रव्यवहार चालतो.

ज्या कामांना पर्यावरण मंजुरी आहे, त्यांचे सहामाही अहवाल १ जून आणि १ डिसेंबरला द्यायचे असतात, आणि ते जनतेसाठी खुले असतात. गावकऱ्यांनी माहितीच्या अधिकारात अहवालाची प्रत मागून थांबू नये. त्याच काळातलं ट्रिप रजिस्टर, डम्पिंगच्या जागेचा सर्व्हे, टँकरचं लॉगबुक, फिल्टरच्या वजनाची शीट आणि घातक कचऱ्याचे मॅनिफेस्ट अशी पाच नावं अर्जात स्पष्ट लिहावीत, चेनेजसह.