चौदाव्या लाईनवरचा काटा

पाण्यात आवाज किती वेगानं पळतो, हे रोज सकाळी काम सुरू करण्याआधी तपासावं लागतं. होडीच्या बुडाला लावलेला इको साउंडर वरून ठोका सोडतो, तो तळाला आपटून परत येतो, आणि गेल्या-आल्याच्या वेळेवरून यंत्र खोली काढतं. पंचवीस अंश तापमानाच्या खाऱ्या पाण्यात आवाज सेकंदाला सुमारे 1534 मीटर जातो. तेवढ्याच उबेच्या गोड्या पाण्यात 1497. समुद्रावरून आणलेलं यंत्र तसंच धरणात सोडलं, तर तीस मीटर पाण्यात ते पाऊण मीटर जास्त खोली दाखवतं. म्हणजे पाऊण मीटर गाळ कागदावरून नाहीसा! म्हणून आम्ही एक लोखंडी पत्रा साखळीनं बरोबर पाच मीटर खाली सोडतो, मग दहा मीटर, आणि यंत्र तेवढंच म्हणतंय का ते बघतो. ते जुळेपर्यंत होडी हलत नाही.

दोन वर्षांपूर्वीच्या नोव्हेंबरात आम्ही हिडकलच्या पाण्यावर होतो. घटप्रभेवरचं हे धरण, सरकारी नाव राजा लखमगौडा जलाशय. भरल्यावर पातळी समुद्रसपाटीपासून 2175 फूट, पाणी 51 टीएमसी, म्हणजे 51 अब्ज घनफूट. बेळगाव शहराच्या नळाला येणारं बरंचसं पाणी इथलंच, मी लहानपणापासून पीत आलोय. त्यात गाळ किती साचला, हे मोजायचं काम आमच्या कंपनीकडं आलं होतं.

आमच्या घरातले सगळे मराठा लाइट इन्फंट्रीत. आजोबा, वडील, थोरला भाऊ. मी एकटा नौदलात गेलो आणि सर्व्हे रेकॉर्डरची शाखा मिळाली. पंधरा वर्षं समुद्राचा तळ मोजला. खंबातच्या आखातात, जिथं भावनगरला भरती-ओहोटीत दहा मीटरचा फरक पडतो. आणि मॉरिशसच्या पाण्यात, जिथं तो अर्धा-पाऊण मीटरच असतो, पण प्रवाळ कुठं डोकं वर काढेल याचा नेम नाही. लहान देशाला स्वतःची मोठी सर्वेक्षण जहाजं परवडत नाहीत. आपलं नौदल तिथं जाऊन मोजतं आणि नकाशे देहरादूनच्या राष्ट्रीय जलमापन कार्यालयात तयार होतात. समुद्राचे नकाशे डोंगरातल्या गावात बनतात, हे मला पहिल्यांदा कळलं तेव्हा खरं वाटलं नव्हतं.

त्या दिवशी पन्नास मीटर अंतरानं लाईनी मारत होतो. एक लाईन म्हणजे होडी सरळ रेषेत या काठापासून त्या काठापर्यंत. चौदाव्या लाईनवर पडद्यावरचा तळ सव्वाचौदा मीटरवर शांत चालला होता, आणि अचानक वर उसळून परत खाली बसला. दहा-बारा ठोके, बस. वरचं टोक अकरा मीटर तीसवर. आम्ही याला काटा म्हणतो.

माझ्याबरोबर खानापूरचा एक मुलगा होता, डिप्लोमा करून नुकताच लागलेला, संगणकावर चांगला हात. त्यानं नोंद बघितली आणि म्हणाला, "सर, मासे असतील. फिल्टर लावला की जाईल."

जाईल, हे खरंच. प्रक्रिया करायच्या सॉफ्टवेअरमध्ये आजूबाजूशी न जुळणारे ठोके खोडायची सोय असतेच, आणि बहुतेक वेळा ते ठोके खरोखर मासे, बुडबुडे नाहीतर तरंगतं झाड असतं. शिवाय हिशेब धरणाच्या साठवणुकीचा. दोन-तीन मीटरचा एक खांब काढला काय, ठेवला काय, टीएमसीत काही फरक पडत नाही. कंपनीतून रोज फोन होता, किती लाईनी झाल्या म्हणून. मागं फिरलो तर अर्धा दिवस जाणार होता.

मी होडी थांबवायला सांगितली.

माझ्या डोक्यात तेव्हा काय होतं ते सांगतो. 1992 साली क्वीन एलिझाबेथ दोन हे जहाज अमेरिकेच्या किनाऱ्याजवळ खडकाला घासलं. नकाशावर तिथं 39 फूट पाणी दाखवलं होतं, आणि ती नोंद 1939 सालच्या सर्वेक्षणातली होती. खडक काही नंतर उगवलेला नव्हता. मोजणाऱ्यांच्या दोन नोंदींच्या मधल्या जागेत तो तेव्हाही होताच. आणि 2020च्या 25 जुलैला वाकाशिओ हे जवळजवळ तीनशे मीटर लांबीचं जहाज मॉरिशसच्या प्रवाळावर चढलं. हजारभर टन तेल त्या निळ्या पाण्यात गेलं. किनाऱ्याच्या इतक्या जवळ जाताना पुरेशा मोठ्या प्रमाणाचा, म्हणजे बारकावे दाखवणारा, नकाशा जहाजावर नव्हता, असं नंतर तपासात निघालं. ते पाणी मी जवळून बघितलं आहे. बातमी आली त्या रात्री मला जेवण गेलं नाही. मोजलेलं ज्याच्या हातात पोचायला हवं त्याच्या हातात पोचलं नाही, याचं दुःख मोजणाऱ्यालाच कळतं.

हिडकलला जहाज येणार नाही, कबूल. पण इथं कोळ्यांची जाळी अडकतात, बुट्टीसारख्या गोल होड्या फिरतात, आणि उन्हाळ्यात पाणी खाली गेलं की इंजिनाच्या होड्या नेमक्या अशाच गोष्टींवर आपटतात.

होडीवाला म्हणाला, "माझ्या बापाला विचारा की. काठावरच बसलाय."

म्हातारे पंच्याहत्तरीचे. जाळं विणत बसले होते. मी कागदावर काठ, टेकडी, आमची लाईन काढून बोट ठेवलं, की बरोबर इथं काहीतरी उभं आहे. त्यांनी कागदाकडं बघितलंच नाही. पाण्याकडं बघून टेकडीची शेंडी आणि पलीकडचं एक वडाचं झाड डोळ्यांनी जुळवलं. समुद्रावर आम्ही नेमकं हेच करतो, किनाऱ्यावरच्या दोन खुणा एका ओळीत धरतो.

"ती आमच्या देवळाची दीपमाळ हाय की ओ," ते म्हणाले.

1977 साली धरण पुरं झालं, त्याच्या आधीच त्यांचं गाव उठलं होतं. हिडकलच्या पाण्याखाली गावं आहेत, हे इथं सगळ्यांना ठाऊक आहे. हुन्नूरचं विठ्ठल मंदिर पाणी फार उतरलं की वर येतं आणि लोक लांबून दर्शनाला येतात. त्यांच्या गावचं देऊळ मात्र खोलगटात होतं. ते कधी वर आलं नाही.

"मामा, किती उंच होती?"

"अडीच परस. त्रिपुरीच्या पौर्णिमेला आम्ही पोरंच चढत होतो दिवे लावायला."

परस म्हणजे माणूस हात वर करून उभा राहिला की जेवढा होतो तेवढं. विहिरी त्यानंच मोजायचे. मी म्हाताऱ्यांना उभं केलं, हात वर करायला लावला आणि टेप धरला. त्यांच्या मानानं अडीच परस म्हणजे सव्वापाच मीटरच्या जवळपास. यंत्रात ती तळातून वर दिसत होती तीन मीटरला थोडी कमी. उरलेली सव्वादोन मीटर दीपमाळ गाळात होती.

धरण होण्यापूर्वीचा समपातळीचा, म्हणजे जमिनीची उंची रेषांनी दाखवणारा, नकाशा आमच्याकडं होता. त्या जागची जुनी पातळी आणि आमची सकाळची पातळी यातला फरक काढला. दोन मीटर आणि वर काही सेंटिमीटर. मुलगा दोन्ही आकडे वहीत एकाखाली एक लिहून बराच वेळ बघत राहिला.

तरी मला हात लावून बघायचं होतं. दीपमाळेचा वरचा भाग कोसळलेला असेल, किंवा ते भलतंच काही असेल, तर सगळा हिशेब चुकतो. म्हातारे होडीत बसले. पाच-पाच मीटरवर आडव्या-उभ्या लाईनी मारल्या आणि टोकाची जागा पक्की केली. मग मी पिशवीतून शिशाचा गोळा आणि दोरी काढली. नौदलातून आल्यापासून ती माझ्याजवळ आहे. समुद्रावर तिच्यावरच्या खुणा वावेच्या, म्हणजे पसरलेल्या दोन हातांच्या मापाच्या, असायच्या, मी त्या मीटरच्या करून घेतल्या आहेत. दोन नांगर टाकून होडी बांधली आणि दोरी सोडली. पहिल्या दोन वेळा गोळा घसरून मऊ चिखलात रुतला. बोटांना ते बरोबर कळतं, दोरी सैल पडते आणि वर ओढताना चिकटते. तिसऱ्यांदा सव्वाअकरा मीटरवर हाताला टणक झटका बसला.

दोरी मी म्हाताऱ्यांच्या हातात दिली. त्यांनी गोळा थोडा उचलून पुन्हा सोडला. पुन्हा उचलला, पुन्हा सोडला. पाच-सहा वेळा तरी. होडीवाल्याचं इंजिन बंद होतं, वारा पडलेला होता. ते काही बोलले नाहीत आणि आम्हीही काही विचारलं नाही.

काठावर उतरताना त्यांनी एवढंच विचारलं, की तुमच्या नकाशावर गावाचं नाव येतंय काय. साठवणुकीच्या नकाशावर नावं नसतात, नुसत्या पातळीच्या रेषा असतात. मी खरं ते सांगितलं. पण समुद्राच्या नकाशावर बुडालेल्या अडथळ्याला ठिपक्यांचं वर्तुळ काढून आत खोली लिहायची रीत आहे. तशी खूण मी काढली, आणि शेजारी लिहिलं: दीपमाळ, बुडालेली. त्याखाली त्यांनी सांगितलेलं गावाचं नाव. कंपनीतून विचारणा झाली, की हे कशाला. मी लिहून कळवलं, की होड्यांना धोका आहे. ती खूण राहिली.

त्या दिवशी पाचच लाईनी झाल्या. बोलणी खावी लागली.

दुसऱ्या दिवशी बाविसाव्या लाईनवर पडद्यावर पुन्हा एक काटा उठला. मी काही बोलायच्या आत मुलानं होडीवाल्याला हात केला आणि माझ्याकडं वळला. "सर, परत जाऊया?"

गेलो. चार लाईनी मारल्या. मासे होते. त्यानं तो काटा स्वतःच खोडला आणि वहीत वेळ लिहून ठेवली.