चार्ज टेबलावर नको, हद्दीवर द्या

नवा वनरक्षक प्रशिक्षण केंद्रातून येतो तेव्हा १९२७ चा भारतीय वन अधिनियम आणि १९७२ चा वन्यजीव संरक्षण अधिनियम त्याला बऱ्यापैकी पाठ असतो. पण सोलापूरजवळच्या नान्नजच्या माळावर उभं करून विचारा, वनखात्याची हद्द कुठं संपली आणि शेत कुठून सुरू झालं? उत्तर येत नाही. यात त्याची चूक नाही. नकाशा, नोंदवह्या आणि सह्या, एवढ्यावर चार्ज, म्हणजे जुन्या वनरक्षकाकडून कामाचा ताबा घेणं, उरकलेला असतो.

सोलापूरकडं हद्द म्हणजे माळच. झाडोरा नाही, ओढा नाही. सीमास्तंभ गवतात बुडालेला असतो, आणि शेजारची नांगरट दरवर्षी नांगराच्या एखाद्या रेघेएवढी आत सरकते. दोन-तीन वर्षांनी अतिक्रमण उघड होतं आणि खुलासा मागितला जातो तो नव्या माणसाला. म्हणून जुना वनरक्षक, नवा वनरक्षक, त्यांच्या वरचा वनपाल आणि गावचा वनमजूर, चौघांनी मिळून हद्द पायी फिरावी. प्रत्येक स्तंभाचा फोटो आणि जीपीएस नोंद घ्यावी. पडलेला किंवा हललेला स्तंभ चार्ज यादीतच लिहावा. त्या दिवसांची मजुराची हजेरी मात्र नक्की लावा. खरा नकाशा त्याच्या डोक्यात असतो, तो फुकट मागू नये.

दुसरी गोष्ट पंचनाम्याची. लांडग्यानं मेंढी मारली असा निरोप आला की निघायला उशीर नको. दुपारपर्यंत कुत्री आणि घारी सगळा पुरावा खाऊन टाकतात. निघतानाच फोनवर सांगावं, “मामा, जनावर हलवू नका.” वनपालानं पहिले चार-पाच पंचनामे बरोबर बसून करून घ्यावेत. गळ्यापाशी कातडं उलटं करून दाखवावं. दातांच्या खुणांखाली रक्त साकळलेलं असेल तर मेंढी जिवंत असताना धरलेली आहे. खाली मांस कोरडं असेल तर आधीच मेलेल्या जनावराला कुणीतरी नंतर तोंड लावलंय. मागच्या मांड्या आणि कुशी ठिकठिकाणी फाडलेल्या दिसल्या तर कुत्र्यांचा संशय धरावा. हे पुस्तकातून हाताला येत नाही. आणि पंचनामा चुकला की धनगराची भरपाई अडते, त्याचा विश्वास जातो, मग पुढच्या खेपेला निरोपच येत नाही.

उन्हाळ्याची तयारी पावसाळा सरताच सुरू होते. कुसळी गवत वाळलं की जाळरेषेच्या, म्हणजे वणवा अडवायला मोकळ्या ठेवलेल्या पट्ट्याच्या, दोन्ही कडा आधी कापून घ्यायच्या, मधलं गवत वारा पडल्यावर जाळायचं, आणि हे काम फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत संपवायचं. वणवा विझवताना नवी पोरं जोशात समोरून भिडतात. त्यांना हे आधीच शिकवायला हवं: जळालेल्या बाजूनं शिरा, कडेकडेनं झोडपत पुढं जा. अंगात सुती कपडे हवेत, कारण टेरिकॉट वितळून कातडीला चिकटतं.

चर खोदताना दगडाखाली फुरसं, हा विषारी साप, असतं. प्रत्येक चौकीच्या भिंतीवर सर्पदंशाची लस असलेल्या जवळच्या दवाखान्याचं नाव आणि फोन मोठ्या अक्षरात लिहिलेला हवा. साप चावला तर आवळून बांधू नये, चिरा देऊ नये, पाय हलू न देता थेट गाडीत घालावं.

वनरक्षक मुलींची संख्या आता चांगली आहे. त्यांना रात्रगस्तीतून वगळणं ही मदत नव्हे, त्यानं त्यांचं शिकणं थांबतं. जोडीनं गस्त, चालू टॉर्च, आणि संरक्षण कुटीत आतून कडी लागणारं, पाणी असलेलं संडास, एवढं पहिल्या रात्रीच्या आधी करून द्या.