कोड लीनचा, प्लग काळे

गेल्या पावसाळ्यात एक निवृत्त गुरुजी साताऱ्यातल्या माझ्या गॅरेजात गाडी घेऊन आले. चेक लाईट पेटलेली, ॲव्हरेज १८ वरून ११ वर. दुसऱ्या गॅरेजात ऑक्सिजन सेन्सर दोनदा बदलून झाला होता. "मिस्त्री, आता आणखी सेन्सर सांगू नका. पेन्शनीत बसत नाही हो." ऐकून फार वाईट वाटलं.

स्कॅनर लावला. बिघाडाचा कोड आला पी०१७१, म्हणजे हवा-पेट्रोलचं मिश्रण लीन, पेट्रोल कमी. आणि प्लग काढले तर काजळीने काळेकुट्ट! कोड म्हणतो पेट्रोल कमी, प्लग म्हणतात जास्त.

मुळात हा ऑक्सिजन सेन्सर पेट्रोल मोजतच नाही. त्याचं झिर्कोनियाचं टोक एका अंगाने धुरात, दुसऱ्या अंगाने बाहेरच्या हवेशी जोडलेलं. धुरात ऑक्सिजन उरलाच नसेल तर ०.९ व्होल्टच्या आसपास, उरला असेल तर ०.१. एक किलो पेट्रोलला १४.७ किलो हवा हे प्रमाण साधण्यासाठी ईसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, पेट्रोल जरा वाढवतो, जरा कमी करतो, म्हणून इंजिन तापलं की हा आकडा सारखा वरखाली व्हायला हवा. इथे तो ०.१ वर चिकटलेला आणि ईसीयूने पेट्रोल २५ टक्के वाढवलेलं.

एअर फिल्टरच्या पाइपात कार्ब क्लीनरचा, म्हणजे पेट्रोलसारख्या जळणाऱ्या सफाईच्या स्प्रेचा, हलका फवारा मारला. आकडा लगेच ०.८ वर. म्हणजे सेन्सर शाबूत.

गाडी रात्रभर ठेवून घेतली. सकाळी गार इंजिन चालू केलं, तशी इंजिनातला धूर गोळा करणाऱ्या एक्झॉस्ट मॅनिफोल्डपाशी टिकटिक ऐकू आली. चार-पाच मिनिटांत लोखंड तापून फुगलं, फट बारीक झाली आणि आवाज बंद; पण फट पुरती मिटत नव्हती. तापलेल्या गाडीत ती कुणाला ऐकू येणार? वरचा पत्रा, म्हणजे हीट शील्ड, काढली. मॅनिफोल्ड इंजिनला आवळणारा एक स्टड तुटलेला, सांध्यातल्या पॅकिंगवर काजळीची रेघ. धूर ठोक्याठोक्याने बाहेर पडतो, आणि दोन ठोक्यांच्या मध्ये क्षणभर उलटी ओढ बसते. त्या ओढीने फटीतून बाहेरची हवा आत शिरत होती. सेन्सर तोच ऑक्सिजन दाखवत होता.

तुटका स्टड काढण्यात अर्धा दिवस गेला. मॅनिफोल्डला फेस मारून घेतला, म्हणजे त्याची बसायची बाजू सपाट करून घेतली, नवं पॅकिंग घातलं, ईसीयूतली जुनी नोंद पुसली. आकडा वरखाली होऊ लागला.

"हे नाचतंय ते बरं की वाईट?" गुरुजींनी विचारलं.

"नाचायलाच पाहिजे, गुरुजी."

मग त्यांनी डिकीतून वर्तमानपत्रात गुंडाळलेले दोन्ही जुने सेन्सर काढून दिले. एकेक करून लावून पाहिले. दोन्ही चांगले होते.