आमची वाटचाल : मागावरून भिंतीवर

आम्ही मुळात गालिचे विणणारे. समुद्रकाठच्या एका रिसॉर्टच्या स्वागतकक्षासाठी सहा मीटर रुंद आणि तीन मीटर उंच भित्तिचित्र विणून द्याल का, अशी विचारणा झाली, तेव्हा गालिचा जमिनीवर अंथरण्याऐवजी भिंतीवर टांगायचा, एवढाच फरक असेल अशी आमची समजूत होती. ती पहिल्याच कामात खोटी ठरली.

इतके रुंद चित्र मागावर कुशीवर वळवून, आडवे घ्यावे लागते. त्यामुळे टांगल्यावर ताण्याचे, म्हणजे मागावर उभे ताणलेले, धागे जमिनीला समांतर येतात आणि सगळा भार बाण्यावर, म्हणजे त्यांच्यातून आडव्या ओवलेल्या धाग्यांवर पडतो. दोन रंगांच्या सीमेवरून दोन्हीकडचे बाणे माघारी फिरतात, तिथे बारीक फट राहते. मागावर उभी असलेली ही फट भिंतीवर आडवी होते आणि जवळपास चाळीस किलोंच्या वजनाने हळूहळू तोंड उघडते. आमच्या पहिल्या चित्रातल्या आकाशाला अशा फटी पडल्या, मधोमध झोळ आला, आणि ते उतरवून मागच्या बाजूने प्रत्येक फट हाताने शिवावी लागली. तेव्हापासून लांब सीमांवर शेजारचे बाणे एकमेकांत अडकवूनच आम्ही विणतो. रेषा किंचित दातेरी दिसते, पण मला ती आवडते.

रंगांनीही फसवले. दिवसाउजेडी जुळवलेल्या दोन निळ्या लडी हॉटेलच्या पिवळसर दिव्यांखाली वेगळ्या दिसल्या, कारण त्यांची रंगद्रव्ये निराळी होती. आता नमुन्याचा तुकडा विणून तो त्याच भिंतीवर, संध्याकाळचे दिवे लागल्यावर पाहिल्याशिवाय सूत रंगवायला देत नाही.

वेळेचे गणित मात्र बदलत नाही. बारीक कामात एक विणकर महिन्याला साधारण एक चौरस मीटर विणतो, म्हणजे चौघे शेजारी बसले तरी अठरा चौरस मीटरला साडेचार महिने लागतात. उद्घाटनाची तारीख जवळ आलेल्या मालकांना आम्ही नमद्याचे, म्हणजे न विणता लोकर दाबून केलेल्या कापडाचे, तुकडे जोडून केलेला पट सुचवतो. त्यात कमीपणा नाही. अ‍ॅनी अल्बर्स यांच्यासारख्या विणकर कलावतीनेही मेक्सिको सिटीतील कामिनो रियाल हॉटेलसाठी 1968 मध्ये नमद्याच्या त्रिकोणांचाच भित्तिपट केला होता.

टांगण्यासाठी वरच्या काठाला वेल्क्रो शिवतो आणि लाकडी पट्टी भिंतीपासून थोडी पुढे बसवतो, म्हणजे मागे हवा खेळती राहून दमट जागी बुरशी धरत नाही. एका हॉटेलात तीन मीटर लांबीची गुंडाळी सामानाच्या लिफ्टमध्ये मावली नाही आणि सहा जणांनी ती जिन्याने पाच मजले वर नेली. भिंतीबरोबर लिफ्टचेही माप आम्ही आता पहिल्याच भेटीत घेतो.