वर गेल्यावर तुम्ही कोणाच्या?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते, नाहीतर हा प्रश्न मी बहुतेक वेळा हसून टाळते. महिला मंडळात विचारतात, लग्नात जेवताना विचारतात, एकदा तर एसटीत शेजारी बसलेल्या बाईने, तीही आपल्यातलीच, ख्रिस्ती निघाली, अर्ध्या तासाच्या ओळखीवर विचारलं, की दोन लग्नं झाली ना तुमची, मग वर गेल्यावर तुम्ही कोणाच्या? काहीजणी गमतीत विचारतात. ज्या हळू आवाजात विचारतात त्यांना खरं म्हणजे विचारायचं असतं की पहिल्याला विसरलात का. आणि त्यातल्या ज्या स्वतः विधवा आहेत त्यांना तर आणखी वेगळंच विचारायचं असतं, की मी केलं तर चालेल का.

आधी नावांचा घोळ निस्तरते. नवऱ्याचं नाव घ्यायची मला सवय नाही, आईची नव्हती, सासूबाईंची नव्हती, "आमचे हे" म्हणायचं आणि पुढे जायचं. पण दोन नवरे झाल्यावर कुठले हे? लग्नानंतरचे पहिले काही महिने मी बोलताना अडखळायचे, "आमच्या ह्यांना वांग्याचं भरीत फार आवडायचं" म्हटलं की ऐकणारी गोंधळायची, आवडायचं की आवडतं? मग आपोआपच झालं, जे गेले ते "ते" आणि जे घरात आहेत ते "हे". भाषेने सोय करूनच ठेवली होती, लांबचे ते आणि जवळचे हे. इथेही तसंच लिहिते.

ते गेले 2013 च्या ऑगस्टमध्ये, वय 38. सकाळी छातीत दुखतंय म्हणाले, दुपारपर्यंत सगळं संपलं. लेक सहा वर्षांची. घरात मी, ती आणि सासूबाई. नगरमध्ये (आता अहिल्यानगर, जिभेला वळण लागेल हळूहळू) आपली मंडळी, म्हणजे चर्चची माणसं, मोठी, 1831 पासून मिशन आहे इथे, त्यामुळे माणसं खूप आली, गीतं झाली, प्रार्थना झाल्या, पाळकसाहेबांनी "प्रभूमध्ये झोपी गेले" म्हटलं, आणि मला तेव्हा वाटलं की झोपलेत तर उठवा की. पुढचं वर्षभर मी उपासनेला जायचे पण प्रार्थनेला डोळे मिटायचे नाही. देवाशी अबोलाच धरला होता म्हणा ना. सासूबाईंच्या ते लक्षात आलं, एकुलता एक नाही पण धाकटा आणि लाडका मुलगा गेला होता त्यांचा, मला बोलायचा हक्क होता त्यांना. एवढंच म्हणाल्या, "डोळे उघडे ठेवून बस, पण बस."

त्या दिवसांत मी तो उतारा वाचला. बायबलमधल्या मत्तयाचा 22 वा अध्याय. सदूकी, म्हणजे त्या काळच्या यहुद्यांमधला एक पंथ, येशूला अडकवायला एक गोष्ट रचतो, सात भाऊ होते, मोठा निपुत्रिक मेला, मोशेच्या नियमाप्रमाणे दुसऱ्याने तिच्याशी लग्न केलं, तोही मेला, असे सातही मेले, शेवटी ती बाई मेली, तर पुनरुत्थानात ती कोणाची बायको? म्हणजे बघा, तुम्ही मला जो प्रश्न विचारता तो दोन हजार वर्षं जुना आहे आणि विचारणारे पुनरुत्थान मानतच नव्हते! येशूचं उत्तर असं की तिथे लग्न करत नाहीत आणि लग्नात देतही नाहीत. नव्या विधवेने हे वाचू नये असं माझं स्पष्ट मत आहे. मी पुस्तक मिटलं आणि रडले, म्हणजे तिथेही ते माझे नाहीत का.

पुष्कळ वर्षांनी परत वाचलं तेव्हा माझं लक्ष त्या बाईकडे गेलं. सात जणांना पुरलं तिने. सात वेळा. आणि चर्चा काय, तर ती कोणाची. तिला कोणी विचारलं का, बाई गं तू कशी आहेस, जेवलीस का? माझ्यापुरतं मला त्या उत्तरात एवढंच ऐकू आलं, की ही बाई कोणाची मालमत्ता आहे का, वाटणी करायला. हे पाळकांना पटेल न पटेल, मी धर्मशिक्षण घेतलेलं नाही, शाळेत गणित शिकवते.

आता ह्यांच्याकडे येते. खरं तर हे आधी मला दिसलेच नाहीत, सासूबाईंना दिसले, म्हणजे तेही नाही, आधी दिसलं ते गवत. आमच्या कबरस्तानात पावसाळा संपला की गाजरगवत कमरेइतकं वाढतं, काँग्रेस गवत म्हणतात ते, हात लागला की खाज. आम्ही दोघी दिवाळीनंतर नाताळच्या आधी एकदा जाऊन साफ करायचो. 2016 ला गेलो तर ह्या बाजूला रान आणि आमची कबर स्वच्छ. मुळासकट उपटलेलं, माती सारखी केलेली. सासूबाई म्हणाल्या, "काय गं, कोणाला पैसे दिलेस?" मी कोणाला दिले नव्हते. पुढच्या वर्षी जुलैपासूनच त्या दर रविवारी उपासनेनंतर मला तिकडे घेऊन जायला लागल्या, गुडघे दुखत असताना, आणि तिसऱ्या की चौथ्या रविवारी सापडला चोर. एसटी वर्कशॉपमधला माणूस, चर्चमध्ये पेटी वाजवायचा, तेवढीच ओळख. त्याची बायको आमच्यापुढच्या ओळीत, कॅन्सरने गेली, दोन वर्षं दुखणं काढून. खुरपं घेऊन दर रविवारी यायचा. म्हणाला, तिच्या डोक्याशी वाढलेलं काढलं तर पलीकडचं बी परत इकडेच पडतं, म्हणून तुमचंही काढतो. बस. ह्याला तुम्ही रोमान्स म्हणणार असाल तर म्हणा, माझ्या आयुष्यात एवढं रोमँटिक वाक्य मला दुसरं कोणी बोललेलं नाही.

मग काय, मीही खुरपं घेऊन जायला लागले. आम्ही गवत काढत काढत त्या दोघांबद्दल बोलायचो. तिला चहात आलं चालायचं नाही, ते झोपेत बोलायचे, असलं. घरी येणारी माणसं तेव्हा "ते" हा विषयच टाळायची, मला वाईट वाटेल म्हणून, आणि इथे एक माणूस चक्क विचारत होता की झोपेत काय बोलायचे? (क्रिकेट. आउट आहे, आउट आहे, असं.) चार वर्षांत पहिल्यांदा मी त्यांच्यावरून हसले आणि हसल्याचं मला वाईट वाटलं नाही.

त्या जानेवारीत ह्यांनी हुरड्याची भलीमोठी पिशवी आणून दिली, मला नाही, सासूबाईंना. सासूबाईंनी पिशवी हातात तोलून बघितली आणि म्हणाल्या, "सहा मापं भरतील का गं?" मला कळायला जरा वेळ लागला. बायबलमधल्या रूथच्या पुस्तकात बवाज, जो पुढे विधवा रूथशी लग्न करतो, तिला खळ्यावरून परत पाठवताना सहा मापं सातू पदरात घालतो, सासूकडे रिकाम्या हाताने जाऊ नको म्हणून. मी लाजेने लालबुंद, वय वर्षं 39.

रूथबद्दल थोडं लिहितेच, कारण आपल्याकडे ती अर्धीच वाचतात. "तू जाशील तिथे मी येईन, तुझे लोक ते माझे लोक, तुझा देव तो माझा देव", हे माझ्या पहिल्या लग्नातही वाचलं होतं, नवरीने नवऱ्याला म्हटल्यासारखं. पण ते नवऱ्याला म्हटलेलंच नाही! एका विधवा सुनेने विधवा सासूला म्हटलंय ते, मवाब सोडून येतानाच्या वाटेवर, दोघींकडे काही नसताना. आणि पुढे तीच सासू, नामी, सुनेला सांगते की तुझ्यासाठी विसाव्याची जागा मी बघायला नको का, आंघोळ कर, तेल लाव, चांगलं नेस आणि खळ्यावर जा, आज रात्री तो सातू उफणतोय. सासू सांगते हे! मेलेल्या मुलाची आई. ह्यावर प्रवचन मी फार वेळा ऐकलेलं नाही.

माझ्या सासूबाईंनी तेल लाव वगैरे म्हटलं नाही, त्या म्हणाल्या, "शपथेत काय म्हणालीस, मरेपर्यंत ना? मग झाली ती पुरी. चोख पार पाडलीस. आता तुझ्याकडे कोणाची बाकी नाही." आणि 1 करिंथ 7:39 काढून पुढ्यात ठेवलं, नवरा मेला तर ती लग्न करायला मोकळी आहे, फक्त प्रभूमध्ये.

शास्त्रात मोकळी, पण मंडळीत? हिंदू विधवेच्या लग्नासाठी 1856 ला कायदा करावा लागला, आपल्याला तसला कायदा कधी लागला नाही, ह्याचा आपल्याला मोठा अभिमान, आणि तरी आपल्यातही विधुर वर्षाच्या आत बोहल्यावर चढला तर "लेकरांना आई हवी" आणि बाई पाच वर्षांनी चढली तर "हिला काय कमी होतं". मला एका बाईंनी पंडिता रमाबाईंचं उदाहरण दिलं, 1880 ला लग्न, 1882 ला नवरा कॉलऱ्याने गेला, केलं का त्यांनी दुसरं? नाही केलं, खरंय. पण त्यांनीच विधवांसाठी काढलेल्या शारदा सदनातली पहिली विधवा विद्यार्थिनी गोदूबाई, तिने 1893 ला धोंडो केशव कर्व्यांशी लग्न केलं, आणि कर्वे स्वतः विधुर होते. रमाबाईंनी स्वतःपुरतं एक ठरवलं म्हणून बाकीच्यांना तिथेच बसवून ठेवलं नाही ना. सासूबाईंची आजी लहानपणी 1900 च्या दुष्काळात गुजरातेतून रमाबाईंच्या मुक्ती सदनात आलेली (केडगाव, पण दौंडजवळचं, आपलं नगरजवळचं नव्हे), त्यामुळे रमाबाई आमच्या घरात फोटोतल्या नाहीत, घरच्याच आहेत, त्यांच्या नावाने मला कोणी गप्प करू शकत नाही.

घराचं पण झालं. घर त्यांच्या नावावर होतं, मृत्युपत्र नाही. 1925 च्या कायद्याप्रमाणे ख्रिस्ती माणूस असा गेला तर विधवेला एक तृतीयांश आणि उरलेलं मुलांना, आणि मूल असलं तर आईला काही नाही. शून्य. कुजबुज सुरू झाली की सून लग्न करणार, घर बाहेर जाणार, म्हातारी रस्त्यावर येणार. म्हातारीने जेवणाच्या टेबलावर सगळ्यांदेखत ह्यांना विचारलं, "माझी खोली कुठली?" हे म्हणाले, पूर्वेची, ऊन चांगलं येतं. जुनं घर भाड्याने दिलं, भाडं लेकीच्या नावाने बँकेत जातं, विषय संपला.

2018 ला लग्न. सलग तीन रविवार चर्चमध्ये नावं वाचली, कोणाची हरकत असेल तर सांगा, दुसऱ्या रविवारी कोणीतरी जोरात खोकलं आणि माझा जीव गेला, नुसता खोकला होता. साडीवरून घोळ वेगळाच, आत्या म्हणे पांढरी नको, दुसरेपणाची आहेस, आणि शेजारच्या काकू म्हणे पांढरी नको गं बाई, आता तरी रंगीत नेस! आपल्यात पांढरी नवरीची, त्यांच्यात विधवेची, दोघींची कारणं उलटी आणि निकाल एकच, मी मोतिया रंगाची नेसले. रजिस्टरमध्ये वधूच्या नावापुढे स्थिती लिहावी लागते, पहिल्या वेळी कुमारी होतं, ह्या वेळी नवी साडी, हातात फुलं आणि स्वतःच्या अक्षरात "विधवा". पेन थांबलं माझं. हे शेजारी उभे, हळूच म्हणाले, मीपण विधुर लिहिलंय, खाली तुमच्यापेक्षा वाकडं आलंय. मग लिहिलं. जुन्या मंगळसूत्रातला क्रूस लेकीच्या चेनमध्ये आहे.

लेकीचं सगळं गोड झालं असं सांगणार नाही. सहा महिने ती ह्यांच्याशी फक्त "हो" आणि "नाही" बोलली. अजून काका म्हणते, पप्पा एकच. ह्यांनी कधी दुसरं काही म्हणायला सांगितलं नाही, स्कूटीचा प्लग साफ करायला शिकवलं, बॅडमिंटनला पहाटे साडेपाचला सोडलं, आणि हॉलमध्ये दोन फोटो लावले, त्यांचा आणि ह्यांच्या पहिल्या बायकोचा, एकाच उंचीवर, स्पिरिट लेव्हल लावून, वर्कशॉपची सवय.

विसरले का, तर नाही. कधी कधी रात्री हे पेटीवर एखादं गीत धरतात जे त्यांना आवडायचं, आणि मी स्वयंपाकघरात जरा जास्त वेळ थांबते. ह्यांना कळतं. हे आत येत नाहीत, गीत मात्र पुरं वाजवतात. ह्यांच्याही काही तारखा असतात, त्या दिवशी मी चहात आलं घालत नाही.

सासूबाई 2022 ला गेल्या, पूर्वेच्या खोलीतून. त्याआधीच्या नाताळात करंज्या करताना महिला मंडळातल्या एकीने तुमचा हाच प्रश्न मला नाही, थेट त्यांनाच टाकला, की आजी, तुमची सून वर गेल्यावर कोणाची हो, तुमच्या मुलाची की ह्यांची? त्यांच्या हातात कातण होतं, करंजीची कड कातत होत्या, ती पुरी कातली, ताटात ठेवली.

"माझी," म्हणाल्या. "आणि सारण कमी भरतेस तू, दे इकडे."