सोळा वर्षांची पोरं आणि आमच्या लीगचा नियम

१५ जानेवारी, रात्री. एडिसन, न्यू जर्सी.

आजपासून बेसबॉलमध्ये परदेशी मुलांचे करार सुरू झाले. डॉमिनिकन रिपब्लिक, व्हेनेझुएला इथली सोळा-सतरा वर्षांची मुलं दरवर्षी याच तारखेपासून मेजर लीगच्या, म्हणजे अमेरिकेतल्या सर्वात वरच्या बेसबॉल लीगच्या, संघांशी सह्या करतात. आणि दरवर्षी याच तारखेला आमच्या फँटसी लीगमध्ये भांडण पेटतं. फँटसी म्हणजे खऱ्या खेळाडूंचे कागदी संघ करून त्यांच्या आकड्यांवर खेळायचं. आमची बारा जणांची डायनस्टी लीग आहे. एकदा घेतलेला खेळाडू तुम्ही सोडेपर्यंत तुमचाच राहतो, म्हणून आजच्या सोळा वर्षांच्या पोरावर पाच-सहा वर्षांनंतरचा सगळा खेळ फिरू शकतो. सध्याचा नियम असा: सही झाली की तो प्रॉस्पेक्ट (होतकरू खेळाडू) आमच्यात फ्री एजंट, म्हणजे कोणाचाच नसलेला, आणि जो आधी नाव टाकेल त्याचा.

हा नियम मला अन्यायाचा वाटतो. यंदा तो बदलावा म्हणून मी ग्रुपवर रीतसर प्रस्ताव टाकलाय.

विरोध करणाऱ्यांचं म्हणणं मला पटत नाही असं नाही. "जो अभ्यास करतो त्याला फळ मिळायला नको का?" असं ते विचारतात. मिळायलाच हवं. आज स्टार असलेल्या एली दे ला क्रूझला सिनसिनाटीच्या रेड्स संघाने २०१८ साली अवघ्या ६५ हजार डॉलरना घेतलं, तेव्हा त्याचं नाव कोणाला ठाऊक होतं? ज्याने मायनर लीगचे (मेजरच्या खालच्या, तयारीच्या लीगचे) आकडे चाळून त्याला हेरलं, त्याचं कौतुकच व्हावं. पण जॅसन डोमिंगेझचं काय? २०१९ मध्ये यांकीजनी त्याला ५१ लाख डॉलर दिले. सहीच्या कितीतरी आधीपासून त्याच्या नावाचा गवगवा होता. सगळ्यांनाच माहीत असलेल्या मुलाचं नाव सर्वात आधी टाकण्यात कसला आलाय अभ्यास? तिथे फक्त कोण फोन हातात घेऊन बसलंय एवढंच ठरतं.

म्हणून माझं म्हणणं असं की, नव्याने सही केलेल्या मुलांना फेब्रुवारीतल्या आमच्या वार्षिक ड्राफ्टपर्यंत (पाळीपाळीने खेळाडू निवडायच्या दिवसापर्यंत) कोणीच हात लावायचा नाही. ड्राफ्टमध्ये शेवटून पहिला आलेला आधी निवडेल. डोमिंगेझसारखा मुलगा मग ज्याला खरी गरज आहे त्याच्याकडे जाईल. आणि ज्याला एखादा एली खरोखर दिसलाय, त्याचं यात काहीच बिघडत नाही. इतरांना तो ठाऊकच नसेल तर शेवटच्या फेरीतही तो मिळेल.

मेजर लीगनेसुद्धा १९६५ पासून अमेरिकेतल्या मुलांसाठी ड्राफ्ट ठेवलाय तो याच विचाराने, की दुबळ्याला आधी संधी मिळावी. अलीकडे वरचे क्रमांक सोडतीने काढतात, कारण मुद्दाम हरणारे निघाले. आमच्यात तसं कोणी करत नाही, पण पुढेमागे सोडत आणावी लागली तरी माझी हरकत नाही.

सीझन सुरू असतानाचा प्रश्न याहून अवघड आहे. हुआन सोटोचं उदाहरण मी नेहमी देते. २०१८ चा सीझन त्याने मायनर लीगमध्ये, खालच्या ए पातळीवर, हेगर्सटाउनला सुरू केला. मे महिन्यात त्याच्या मुख्य संघाचा, वॉशिंग्टनचा, हॉवी केंड्रिक जखमी झाला आणि २० मे रोजी एकोणीस वर्षांचा सोटो मेजर लीगमध्ये! दुसऱ्या दिवशी सुरुवातीच्या संघात नाव लागलं आणि पहिल्याच चेंडूवर आपल्या षटकारासारखा मैदानाबाहेर, तीन धावांचा होमर. असा मुलगा लीगमध्ये कोणाकडेच नसेल आणि अचानक वर आला, तर तो कोणाचा?

वर बोलावल्याची बातमी बऱ्याचदा इथल्या दुपारी तीन-चारच्या सुमारास येते. आमच्यातला एक मित्र कायमचा पुण्याला परत गेलाय. त्याच्याकडे तेव्हा रात्रीचा एक वाजलेला असतो. दुसरी मैत्रीण नर्स आहे, ड्यूटीवर तिला फोन बघता येत नाही. या दोघांनी काय नोकरी आणि झोप सोडायची? पुण्याच्या मित्राने मागे लिहिलं होतं, "अगं, सकाळी उठून बघतो तर बाजार उठलेला असतो." मला ते फार लागलं. तो आमच्यात सगळ्यात जास्त वाचणारा आहे.

यावर उपाय म्हणजे रविवारी रात्रीची गुप्त बोली. प्रत्येकाला वर्षाचे खेळातले शंभर डॉलर, ते कसे पुरवायचे ते ज्याचं त्याने बघायचं. गेल्या वर्षी प्रयोग म्हणून आम्ही एक महिना हे करून पाहिलं. एका पिचरवर, म्हणजे गोलंदाजावर, मी २२ लावले होते, नर्स मैत्रिणीने २३. एका डॉलरने तो गेला, पण मला जराही वाईट वाटलं नाही. तिने त्याची किंमत माझ्यापेक्षा जास्त ओळखली होती. १९८० मध्ये न्यूयॉर्कमध्ये फँटसी बेसबॉल आजच्या रूपात सुरू झालं तेही लिलावानेच, सगळ्यांच्या हातात सारखे पैसे देऊन. बोली सारखी आली तर क्रमवारीत खाली असलेल्याला खेळाडू मिळावा, एवढी भर मी घातलीय.

प्रॉस्पेक्ट मेजर लीगमध्ये आल्याशिवाय फ्री एजंट धरूच नये, असाही एक प्रस्ताव आहे. तो मला अजिबात मान्य नाही. पोराला कधी वर आणायचं हे संघ खेळाकडे बघून ठरवतात असं थोडंच आहे? २०१५ मध्ये क्रिस ब्रायंटने सराव सामन्यांत नऊ होमर मारले, तरी कब्सनी त्याला १७ एप्रिलला आणलं. पूर्ण वर्ष धरायला मेजर लीगमध्ये १७२ दिवस लागतात, त्याचे भरले १७१. त्या एका दिवसापायी त्याचं खऱ्या अर्थाने फ्री एजंट होणं, म्हणजे हव्या त्या संघाशी करार करायची मोकळीक, अख्खं वर्ष लांबलं. त्याने तक्रार केली, २०२० मध्ये निकाल विरुद्ध गेला. त्याच्यावर झालेल्या अन्यायाचा मला आजही राग येतो. ज्या तारखा असल्या हिशेबाने ठरतात, त्यांच्यावर आपला नियम कशाला टांगायचा?

राहिला जपानचा मुद्दा. रोकी सासाकीने जानेवारी २०२५ मध्ये डॉजर्सशी करार केला. वय पंचविसाच्या आत, म्हणून कागदोपत्री तो हौशी आणि करार मायनर लीगचा. पण २०२२ मध्ये जपानच्या मुख्य लीगमध्ये परफेक्ट गेम, म्हणजे समोरच्या एकालाही बेसवर पोचू न देता पूर्ण सामना, टाकलेला हा माणूस! काही जण त्याला प्रॉस्पेक्टच मानायला तयार नव्हते. माझ्या मते असे खेळाडू सगळ्यात आधी ड्राफ्टमध्ये यायला हवेत, कारण तळाच्या संघाला ते त्याच वर्षी उपयोगी पडतात.

मतदान उद्या रात्रीपर्यंत आहे. ड्राफ्टला सात मतं नक्की दिसतात. गुप्त बोलीवर दोघे अजून गप्प आहेत, त्यांना उद्या जेवणाच्या सुट्टीत फोन करणार आहे.