तिथीची पाऊणपट

मी सोलापूर जिल्ह्यातल्या एका महाविद्यालयात प्राणिशास्त्र शिकवते. यंदा फेब्रुवारीअखेर तिसऱ्या वर्षाच्या 22 मुलांना घेऊन रत्नागिरीला गेले. निम्म्याहून जास्त जणांनी समुद्र पाहिलेला नव्हता. कार्यक्रम मी नीट आखला होता: सकाळी शिरगावचं मत्स्य महाविद्यालय, बारा वाजता खडकाळ किनारा, दुपारी सागरी जीवशास्त्र संशोधन केंद्र.

रात्री जेवताना खानावळीच्या मावशींनी तो कागद वाचला. "बाराला जाऊन काय बघणार, मॅडम? नुसतं पाणी. उद्या द्वितीया ना?"

मला संदर्भ लागेना. मावशी म्हणाल्या, "तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. दोनाची पाऊणपट दीड. दीडला समुद्र भरलेला. तुम्हाला खडक हवेत तर सकाळी सव्वासातला जा."

मी मोबाइलवर भरती-ओहोटीचं कोष्टक उघडलं. थोड्याच मिनिटांचा फरक होता. चंद्र रोज साधारण 50 मिनिटं उशिरा उगवतो, म्हणून भरतीही तेवढीच लांबते, हे मी दरवर्षी फळ्यावर लिहिते. मावशींनी तेच एका तिथीला पाऊण तास धरून तोंडी केलं होतं. त्यांची सासू कालवं (खडकाला चिकटलेले शिंपले) काढायला जायची, तिच्याकडून हे शिकल्या. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण, म्हणजे सगळ्यात मोठी भरती-ओहोटी, तेव्हा पाणी सगळ्यात लांब हटतं. अष्टमीला भांग, म्हणजे सगळ्यात लहान भरती-ओहोटी, तेव्हा खडक पुरते उघडे पडतच नाहीत, हेही त्यांनीच सांगितलं.

शिरगावला फोन करून वेळ बदलून घेतली आणि सात वाजता आम्ही किनाऱ्यावर होतो. पुस्तकातले पट्टे खडकावर एकाखाली एक दिसत होते: वर बार्नकलचे, म्हणजे खडकाला चिकटून राहणाऱ्या कवचधारी प्राण्यांचे, खरबरीत पांढरे ठिपके, खाली कालवं, त्याही खाली झोअँथिडचे, म्हणजे समूहाने वाढणाऱ्या मऊ सागरी प्राण्यांचे, हिरवट गालिचे. एका डबक्यात समुद्रफूल (फुलासारखा दिसणारा प्राणी, सी ॲनिमोन) उमललेलं होतं. मंगळवेढ्याच्या एका मुलीने बोट पाण्यात घातलं, त्याने सगळे स्पर्शक आत ओढून घेतले, आणि ती तिथेच बसून राहिली. मी हाक मारली तरी उठेना. तासाभरात खालचा पट्टा पाण्याखाली जायला लागला.

शिरगावची भेट चांगली झाली, पण घाईची. संशोधन केंद्रात (ते 1958 पासून आहे) देवमाशाच्या सांगाड्यापाशी मात्र मुलं हलेनात. त्याच्या वल्ह्यासारख्या पुढच्या अवयवात दंडाचं हाड, कोपराखालची दोन, मग बोटांची, असं सगळं आपल्या हातासारखं. एक जण स्वतःचा हात चाचपत ती मोजत होता.

मधे दीडच्या सुमाराला बस किनाऱ्यावरून गेली तेव्हा मुलं खिडक्यांकडे धावली. सकाळी आम्ही उभे होतो तो खडक कुठे होता, तेसुद्धा ओळखता येत नव्हतं.

परवा जर्नल तपासायला आली. मंगळवेढ्याच्या मुलीने तारखेखाली तिथीही लिहिली आहे.